पवनमुक्तासन : एका आसननामाचा इतिहास

प्रास्ताविक

पाठीवर उताणे निजावे, एक किंवा दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावेत, हातांची मिठी घालून ते ओटीपोटावर दाबावेत, श्वास सोडीत मस्तक उचलून हनुवटी गुडघ्याकडे न्यावी आणि काही काळ त्या स्थितीत राहावे, ही कृती आज शालेय योगवर्गापासून ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत सर्वत्र 'पवनमुक्तासन' या नावाने परिचित आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आयुष मंत्रालयाने तयार केलेल्या सामान्य योग अभ्यासक्रमात निजून करावयाच्या आसनांमध्ये त्याचा समावेश आहे. पोटातील वायू सरणे, पोटाचा फुगारा कमी होणे व पचन सुधारणे, असे त्याचे फायदे सांगितले जातात. आपल्या महाविद्यालयांत वाटल्या जाणाऱ्या योगविषयक टिपणांत या फायद्यांच्या आधी बहुधा एक वाक्य असते : हे आसन आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी शोधून काढले.

प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य आहे. पवनमुक्तासन उपयुक्त आहे की नाही, हा वैद्यकाचा प्रश्न असून त्याचा येथे ओझरता विचार केला आहे. मुख्य प्रश्न इतिहासाचा आहे. 'पवन' आणि 'मुक्त' हे दोन शब्द कोणत्या परंपरेतून आले, त्यांचा अर्थ त्या परंपरेत काय होता, आणि आजच्या नावात ते ज्या अर्थाने एकत्र आले आहेत तो अर्थ कोणत्या काळाचा आहे, याचा शोध घेतला असता जे चित्र दिसते ते प्रचलित समजुतीहून बरेच निराळे आहे.

हठग्रंथांची साक्ष

पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाला फार थोडी जागा आहे आणि तेथे कोणत्याही आसनाचे नाव नाही. आसनांची नावे व कृती यांचा विस्तार हठयोगाच्या ग्रंथांत होतो. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत (पंधरावे शतक) १५ आसने वर्णिली आहेत. शिवसंहिता आसने ८४ असल्याचे सांगून वर्णन मात्र चारांचेच करते. घेरंडसंहितेत ३२ आसने आहेत. या तिन्ही ग्रंथांतील वर्णनांत पवनमुक्तासन नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेले हठाभ्यासपद्धती हे हस्तलिखित अलीकडे, २०१९ मध्ये, अभ्यासकांनी सविस्तर प्रकाशात आणले. त्यात शंभराहून अधिक आसने असून त्यांचे उताणी, पालथी, उभ्याने करावयाची, दोरावरची असे शरीरस्थितीनुसार गट पाडले आहेत. उताण्या आसनांची एवढी विपुलता पूर्वी कोणास ठाऊक नव्हती. तेव्हा निजून करावयाच्या आसनांना हठपरंपरेत स्थानच नव्हते, असे म्हणता येणार नाही. उद्या एखाद्या पोथीत गुडघे पोटाशी घेण्याची कृती किंवा हे नावही मिळू शकेल. परंतु येथे मांडावयाचा मुद्दा नाव आहे की नाही, एवढ्यापुरता नाही.

मुद्दा नामकरणाच्या रीतीचा आहे. हठग्रंथांतील आसननामे बहुतांशी आकारावरून किंवा व्यक्तीवरून पडली आहेत. मयूर, कुक्कुट, कूर्म, भुजंग, शलभ, धनुष्य ही एका बाजूची, तर मत्स्येंद्र, गोरक्ष ही दुसऱ्या बाजूची उदाहरणे होत. फलावरून पडलेली नावे थोडी आहेत आणि ती फले आध्यात्मिक आहेत. घेरंडसंहितेत 'मुक्तासन' आहे. स्वात्मारामही सिद्धासनाचे एक पर्यायी नाव म्हणून ते देतो. तेथील मुक्ती साधकाची आहे. पवनमुक्तासनातील 'मुक्त' याच शब्दाचा असला तरी त्याचे गोत्र निराळे आहे.

व्याकरणही हेच सुचविते. 'ज्यात पवन मुक्त होतो ते', असा विग्रह पुस्तकांतून दिलेला आढळतो. पण बहुव्रीहीत निष्ठान्त पद सामान्यतः पूर्वी येते, म्हणून त्या अर्थाने 'मुक्तपवन' असे रूप अपेक्षित होते. 'पवनमुक्त' हा सरळ पंचमी तत्पुरुष आहे : पवनापासून मुक्त. रोगमुक्त, ऋणमुक्त, कर्जमुक्त या शब्दांच्या पंगतीत तो सहज बसतो. म्हणजे नावात आकार नाही, प्राणी नाही, सिद्ध पुरुषही नाही. एका त्रासातून सुटलेला मनुष्य मात्र आहे. ही रुग्णाच्या बाजूने घडलेली शब्दरचना आहे.

अपानाची दिशा

याचा अर्थ हठग्रंथांना पोटाची फिकीर नव्हती असा नव्हे. मत्स्येंद्रासन व पश्चिमतान जठराग्नी प्रदीप्त करतात, मयूरासनाने गुल्म व उदररोग नाहीसे होतात आणि अतिरिक्त खाल्लेले अन्नही जिरते, असे हठयोगप्रदीपिका सांगते. घेरंडसंहितेतील शुष्क बस्ती तर आपल्या विषयाच्या फारच जवळ येते. पश्चिमोत्तान स्थितीत बसून बस्तिप्रदेश हळूहळू खाली चालवावा, गुदद्वाराचे आकुंचन-प्रसरण करावे. त्याने कोठ्याचे दोष व आमवात जातात, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथातील वातसार धौतीत वायू तोंडाने पिऊन पोटात फिरवावयाचा आणि अधोमार्गाने सोडावयाचा असतो. येथे वायू मुद्दाम आत घेतला जातो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो साफसफाईचे साधन आहे, व्याधी नव्हे.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपानाची दिशा. पंचप्राणांपैकी अपान हा अधोगामी, मलमूत्रादिकांचे विसर्जन करणारा वायू. हठयोगाचा सारा खटाटोप त्याची ही स्वाभाविक गती उलटविण्यासाठी आहे. मूलबंधाने अपानाला बळेच वर ओढावयाचे, प्राणाशी त्याचा संयोग घडवावयाचा, त्यातून अग्नी चेतवावयाचा आणि कुंडलिनी जागवावयाची, अशी ही प्रक्रिया आहे. मराठी वाचकाला हे सांगण्यासाठी संस्कृत ग्रंथांपर्यंतही जावे लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे हठयोगप्रदीपिकेच्या आधी, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हे सारे विलक्षण नाट्यमयतेने आले आहे. मूलबंधामुळे माघारी फिरलेला अपान कोंडतो, खवळतो, मणिपूराशी झुंजतो, देहाचे घर धुंडाळून लहानपणापासून साचलेली घाण बाहेर काढतो, पोटात शिरून कफपित्तांचा समाचार घेतो. ज्ञानदेव हा क्षोभ लपवीत नाहीत. साधकाने भ्यावे असे ते रूप आहे, तरी तो भ्याला नाही तर पुढचा मार्ग मोकळा होतो.

या भूमिकेवरून पाहिले असता 'पवनापासून मुक्त व्हा' हा उपदेश हठयोगाच्या मूळ हेतूच्या विरुद्ध दिशेला जातो. अपान खाली सोडून देणे ही योग्याची कामगिरी नव्हती. तो खाली जाऊ न देणे ही होती.

वैद्यांचा अनुलोम

अधोगामी वायूला अधोमार्गानेच जाऊ द्यावे, हे तत्त्व आहे आयुर्वेदाचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय 'न वेगान् धारणीय' या नावाचाच आहे. त्यात अडवू नयेत अशा १३ वेगांत अधोवाताची गणना आहे. तो अडविल्यास मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो, पोट फुगते, वेदना व थकवा येतो आणि उदराचे इतर रोग उद्भवतात, असे तेथे सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात हा विषय घेतला आहे. सभेत, पंगतीत, वर्गात वायू धरून बसणाऱ्या सभ्य समाजाला उद्देशून इतक्या निःसंकोचपणे लिहिणारी ही वैद्यपरंपरा आहे. आपल्या घराघरांतून ओवा, हिंग, बाळंतशोपा यांच्या रूपाने ती आजही नांदते. 'पोटात गुबारा धरला' असे म्हणणाऱ्या आजीला अपान व अनुलोम हे शब्द माहीत नसतील, पण तिच्या औषधांची दिशा ठरलेली असते.

आता चरकाने या विकारावर सांगितलेले उपचार पाहावेत. स्नेहन, स्वेदन, वर्ती, वाताचे अनुलोमन करणारे अन्नपान आणि बस्ती एवढेच ते आहेत. त्यात शरीराची विशिष्ट स्थिती, म्हणजे आपण ज्याला आसन म्हणू असे काही, नाही. विशेष असे की याच अध्यायात पुढे व्यायामाची व्याख्या, त्याचे गुण आणि अतिव्यायामाचे दोष यांचे विवेचन येते. वेगधारण आणि व्यायाम हे दोन्ही विषय एकाच अध्यायात असूनही पहिल्यावर दुसऱ्याचा उतारा सुचविलेला नाही.

अशा रीतीने एका परंपरेत आसन होते, पण त्याचा रोख अपान वर नेण्याकडे होता. दुसरीत वायू खाली नेण्याचे तत्त्व होते, पण त्यासाठी आसन नव्हते. पवनमुक्तासन हे नाव या दोहोंचा सांधा आहे. हा सांधा जुळण्यासाठी आसनाकडे उपचार म्हणून पाहणारी दृष्टी यावी लागली. तिचे सूर हठग्रंथांच्या फलश्रुतीत ऐकू येतात हे खरे. पण आसनाची निवड, क्रम आणि मात्रा रोगावरून ठरविणारी व्यवस्था उभी राहिली ती विसाव्या शतकात, आणि तिच्या उभारणीत मुंबई-लोणावळ्याचा वाटा मोठा आहे.

बद्धकोष्ठाचे शतक

नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांचे दोन शिष्य या इतिहासात महत्त्वाचे आहेत. मणिभाई देसाई ऊर्फ श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईला वर्सोवा येथे योग संस्था काढली. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद हे बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले, पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. दोघांनीही योग गुहेतून काढून मध्यमवर्गीय गृहस्थाच्या घरात आणला. या गृहस्थाची मुख्य तक्रार कोणती होती? कचेरीतील बैठे काम, अवेळी जेवण आणि त्यातून आलेले बद्धकोष्ठ. त्या काळी युरोपातही मोठ्या आतड्यात साचलेल्या मळाचे विष रक्तात भिनते, ही कल्पना जोरात होती. लंडनचे शल्यविशारद आर्बुथनॉट लेन यांनी तर त्यापायी मोठे आतडेच कापून काढण्याचा सपाटा लावला होता. ती कल्पना त्या स्वरूपात पुढे टिकली नाही. परंतु पोट साफ तर सर्व साफ, ही तिची छाया आपल्याकडील व्यायामविषयक लेखनावर दीर्घकाळ राहिली.

कुवलयानंदांचे वेगळेपण असे की त्यांनी पोटाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहिले. १९२० च्या दशकाच्या आरंभी बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षण केले, आणि नौलीच्या वेळी आतड्यातील दाब दाबमापकाने मोजला. तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली जातो असे आढळले. बस्तीच्या वेळी पाणी आतड्यात वर कसे चढते, याचा उलगडा त्यांनी या अंशतः निर्वातावरून केला आणि गुरूंच्या स्मरणार्थ त्याला 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. ज्या स्थानी ज्ञानेश्वरीत अपान झुंजत होता त्या स्थानी आता पाऱ्याचा स्तंभ खालीवर होत होता! श्रद्धाळूंना हे खटकले असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र आधुनिक मराठी बौद्धिक इतिहासातील हा एक धाडसाचा क्षण आहे. परंपरेचा दावा परंपरेच्याच माणसाने मोजपट्टीखाली धरला.

कलकत्त्यात बिष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. तेथेही शरीरसौष्ठव आणि रोगनिवारक आसने एकत्र शिकविली गेली. घोष यांचे शिष्य बिक्रम चौधुरी यांनी पुढे अमेरिकेत २६ आसनांचा जो ठरीव क्रम लोकप्रिय केला, त्यात पवनमुक्तासन आहे.

नावाचा सर्वांत मोठा विस्तार मुंगेरच्या बिहार योग विद्यालयात झाला. स्वामी सत्यानंद सरस्वती यांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पवनमुक्तासन हे एक आसन राहत नाही. ती तीन गटांची मालिका होते : पहिला गट सांधेदुखीसाठी, दुसरा पोटासाठी, तिसरा शक्तीचे अवरोध दूर करण्यासाठी. आपले गुडघे पोटाशी घेण्याचे आसन दुसऱ्या गटात 'सुप्त पवनमुक्तासन' म्हणून येते. पायाची बोटे हलविण्यापासून मान फिरविण्यापर्यंतच्या हालचाली पवनमुक्त म्हणविल्या जातात, त्या 'पवन' म्हणजे आयुर्वेदातील वातदोष असा व्यापक अर्थ घेतल्यामुळे. म्हणजे नावातील वैद्यकीय आशय येथे उघड होतो. तिसऱ्या गटात चक्की चालविणे, नाव वल्हविणे, लाकूड तोडणे यांच्या हालचालीही आहेत. जाते घरातून गेले आणि त्याची हालचाल चटईवर आसन म्हणून परत आली, ही विसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासातील एक बोलकी नोंद आहे.

एकच कृती, अनेक नावे

गुडघे पोटाशी घेऊन दाबणे ही कृती स्वतःपुरती पाहिली तर ती कोणत्याही शास्त्राच्या मालकीची दिसत नाही. तान्हे मूल पोट धरून रडू लागले की बेंबीभोवती हिंग लावणारी सुईण किंवा आई त्याचे दोन्ही गुडघे हळूच पोटावर दाबते. तिला कोणी योग शिकविलेला नसतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद पॉल विल्यम्स यांनी १९३७ मध्ये कंबरदुखीसाठी जे व्यायाम सुचविले, त्यांतही गुडघे छातीकडे आणण्याची हीच हालचाल आहे. तेथे तिचे प्रयोजन कण्याच्या खालच्या भागाला वाकविणे हे आहे, वायूचा उल्लेख नाही. भौतिकोपचाराच्या दालनात कंबरेसाठी आणि शेजारच्या योगवर्गात पोटासाठी तीच हालचाल करवून घेतली जाते, हे दृश्य आपल्या शहरांत नवीन नाही. कृती तीच असताना फलाची अपेक्षा नावाप्रमाणे बदलते. म्हणून आसनाचा इतिहास लिहिताना कृतीचा व नावाचा इतिहास वेगळा ठेवावा लागतो. आपल्याकडील बहुतेक लेखनात ही गल्लत होते आणि एखाद्या शिल्पात किंवा मुद्रेवर तत्सम शरीरस्थिती दिसली की आजचे नाव व आजचे फायदे तिला सरसकट चिकटविले जातात.

शरीरशास्त्राच्या बाजूने थोडे. आतड्यातील वायू काही गिळलेल्या हवेचा, तर बराचसा मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी न पचलेल्या कर्बोदकांवर केलेल्या प्रक्रियेचा असतो. डाळी-कडधान्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. 'वातूळ' हा आपला जुना शब्द त्यांना चपखल लागू पडतो. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये १० निरोगी व्यक्तींना नेहमीच्या आहारासोबत रोज २०० ग्रॅम घेवड्याचे दाणे देऊन केलेल्या मोजणीत दिवसाकाठी ४७६ ते १४९१ मिलिलिटर वायू बाहेर पडतो असे आढळले. म्हणजे वायू सरणे ही स्वतः व्याधी नव्हे. बार्सिलोना येथील २००३ च्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यात वायू सोडून त्याचा प्रवास मोजला गेला. उताणे निजलेल्या स्थितीपेक्षा उभ्या स्थितीत तो लवकर बाहेर पडला. पवनमुक्तासन उताणे निजूनच करतात, हे पाहता हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. उलट बाजूने, मांड्या पोटाकडे पुरेशा वळल्या की गुदमार्गातील वाक सरळ होतो, हे उकिडव्या स्थितीच्या क्ष-किरण अभ्यासांतून दिसले आहे. उताण्या स्थितीतील उणेपणा मांड्या वळविल्याने किती भरून निघतो, हे मोजण्याचा विषय आहे, मानण्याचा नव्हे. अनेक पुस्तकांत आधी उजवा पाय, मग डावा, असा दंडक आढळतो. मोठे आतडे उजवीकडून चढून डावीकडे उतरते, असे त्याचे कारण दिले जाते. हे कारण शरीरविच्छेदनाच्या आकृत्या समोर ठेवून दिलेले आहे. हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया व गर्भावस्था यांत हे आसन टाळावे, ही सूचनाही याच आधुनिक दृष्टीची, आणि ती प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

प्राचीनत्वाचा उपयोग

मग प्राचीनत्वाचा आग्रह इतका का? त्यामागे केवळ भाबडा अभिमान आहे असे समजणे अन्यायाचे होईल. बिक्रम चौधुरी यांनी आपल्या २६ आसनांच्या क्रमावर अमेरिकेत स्वामित्वहक्क सांगितला आणि तो क्रम शिकविणाऱ्यांविरुद्ध दावे लावले, तेव्हा भारतात संताप उसळला. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयात औषधी योगांबरोबर पुढे आसनांचीही नोंद करण्यात आली, ती परक्या मक्तेदारीला आधीच्या ज्ञानाचा पुरावा दाखविता यावा म्हणून. येथे प्राचीनत्व हे संरक्षणाचे हत्यार आहे, आणि त्याची गरज खरी होती. अडचण अशी की कायद्यासाठी गोळा केलेला पुरावा पाठ्यपुस्तकात इतिहास म्हणून उतरतो. विद्यार्थी 'हजारो वर्षांपूर्वी' असे लिहितो, गुण मिळवितो, आणि कुवलयानंदांचा दाबमापक, माधवदासांचे दोन शिष्य, चरकाचा सातवा अध्याय व ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय यांपैकी कशाशीच त्याची गाठ पडत नाही.

त्या खटल्याचा निकाल मात्र प्राचीनत्वावर लागला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या प्रादेशिक अपील न्यायालयाने चौधुरी यांचा दावा फेटाळला. हा क्रम शरीरस्वास्थ्य सुधारण्यासाठी रचलेली एक पद्धती आहे, आणि पद्धतीवर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असे कारण त्याने दिले. पवनमुक्तासनासह ती २६ आसने खुली राहिली, ती उपचाराची कृती म्हणून.